परमिट माझ्या खिशात होतं

मी लाईनमन आहे आणि मला करंटची भीती वाटते. हे मी आजवर कुठे लिहून दिलं नव्हतं, कारण आमच्या कुठल्याच फॉर्मात तसा रकाना नाही. खांबांशी संबंध येऊन सत्तावीस वर्षं झाली, पण तारेला हात लावायच्या आधी पहिल्या दिवशी जी भीती वाटली ती आजही वाटते. सासरी माझा रुबाब वेगळा आहे. तिथे समजतात, जावई अकरा हजार व्होल्टशी खेळतो. खरं काय ते बायकोला, आमच्या सुनंदाला, ठाऊक आहे. घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर ती स्वतः बदलते. पाहुण्यांनी विचारलं की सांगते, "यायले काम सांगाल तं हे आधी साऱ्या मोहल्ल्याची लाईट बंद करून येतीन."

लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतो, करंट माणसाला ओढतो की फेकतो? मी सांगतो, ज्यांना फेकलं तेवढेच सांगायला आले, म्हणून फेकतो असंच ऐकून आहे. लोक हसतात आणि मला आणखी एक पुरी वाढतात.

माझे पहिले उस्ताद एक म्हातारे फोरमन होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, की न भिणारे लाईनमन त्यांनी पुष्कळ पाहिले, बहुतेक सगळे आता भिंतीवरच्या फोटोत आहेत. तेव्हापासून भीती मी पक्कड आणि टेस्टरसारखी जवळ बाळगली. पण पक्कडही माणूस कधी तरी घरी विसरतो. ज्या दिवशी मी भीती विसरलो, त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. त्याआधी आमचं काम थोडं समजून घ्या, नाहीतर मी कशाला एवढा घाबरलो ते कळायचं नाही.

सबस्टेशनातून गावाकडे जी तार निघते तिच्यात अकरा हजार व्होल्ट असतात. शेतांतून, नाल्यांवरून ती गावाच्या तोंडाशी येते. तिथे डीपी असते, म्हणजे खांबांच्या जोडीवर बसवलेली ती तेलानं भरलेली राखाडी पेटी. ती अकरा हजारांचा घरात वापरता येईल असा करंट करून देते. डीपीच्या वरच्या अंगाला तीन नळकांडी दिसतात. त्यांना आम्ही डीओ म्हणतो, तो अकरा हजारांचा फ्यूज. लांब काठीचा आकडा घालून ओढला की नळकांडं खाली लोंबतं आणि डीपी लाईनपासून तुटते. तिन्ही नळकांडी लोंबताना दिसली की समजायचं, इथलं दार बंद आहे.

लाईनवर काम करायचं तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. तो फिडर, म्हणजे त्या बाजूची अख्खी लाईन, बंद करतो, रजिस्टरात लिहितो आणि नंबर देतो. तो नंबर ज्याच्या नावावर, खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्याच्या खिशात. "माणूस उतरला" असं मी स्वतः सांगेपर्यंत लाईन सुरू होत नाही. शिवाय वाटेतला मोठा स्विच आम्ही उघडतो आणि त्याला कुलूप घालतो. एवढं झालं की बाहेरच्याला वाटतं, आता कसली भीती.

भीती खालून येते. डीपी दोन्ही बाजूंनी चालते. वरून अकरा हजार आले तर ती खाली घरचा करंट देते; आणि गावाकडून कुणी जनरेटरचा करंट तिच्यात घातला, तर ती मुकाट्यानं उलट्या दिशेला अकरा हजार चढवून देते. परमिट तिला वाचता येत नाही. त्यासाठी साखळी असते. एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं, दुसरं टोक बांबूच्या काठीनं तिन्ही तारांवर टाकायचं. तारेत करंट असलाच तर तो माणसाला सोडून साखळीतून जमिनीत जातो. शंभर वेळा साखळी टाकली तर शंभर वेळा काही होत नाही. म्हणूनच ती गाडीत राहून जाते.

गिऱ्हाईकांच्या गमती सांगायच्या तर हा अंक पुरणार नाही. जामच्या सेक्शनला असताना हायवेवरचा एक ढाबेवाला मला रोज संध्याकाळी फोन करायचा, की फ्रीजरमधली कुल्फी घट्ट होत नाही, करंट जरा जास्त सोडा. माझ्याकडे नळाची चावी आहे अशी त्याची पक्की समजूत होती. केळझरच्या बाजूला एक आजी खांबाच्या ताणावर, म्हणजे खांब तोलून धरणाऱ्या तिरप्या तारेवर, गोधड्या वाळत घालायच्या. मी हात जोडले तर म्हणाल्या, तुमच्या तारीनं माझी आंब्याची फांदी नेली, मी तिच्यावर एक गोधडी घातली तर काय झालं. आणि हल्ली प्रत्येक गावात मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार झालेले दोन-तीन इंजिनिअर असतात. त्यांची मला भीती वाटते, पण ते लांबूनच ओळखू येतात. पक्कड ज्याच्या हातात उलटी तो व्हिडिओवाला.

चवडे सर त्यांतले नव्हते. नाचणगावच्या पुढे आत जे एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवायचे आणि नंतर रिटायर झाले. विजेचा त्यांना पहिल्यापासून नाद. गोठ्याच्या अर्ध्या भागात त्यांची खोली होती. भिंतीवर पक्कडी मापाप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं तिची आकृती काढलेली, म्हणजे कुठली जागेवर नाही ते लगेच कळावं. आमच्या सेक्शनच्या स्टोअरमध्ये मी अशी शिस्त कधी पाहिली नाही. आमच्याकडे पक्कड जागेवर नसेल तर ती साहेबांच्या घरी असते.

आमची पहिली भेट मला नीट आठवते. त्या गावाची लाईट सारखी जात होती आणि मी दोन दिवस खांब हुडकत होतो. सर सायकलवरून आले, थांबले आणि म्हणाले, तिसऱ्या खांबावर उत्तरेकडचा जंपर पाहा, तिथे सांध्यात काजळी धरली आहे. जंपर म्हणजे खांबावर तारेच्या दोन टोकांना जोडणारा तुकडा. मी वर गेलो. काजळी होती. खाली उतरल्यावर मी विचारलं, तुम्हाला जमिनीवरून कसं कळलं? त्यांनी वही काढली. कुठल्या घरचा दिवा किती वाजता मंद झाला, हे त्यांनी आठवडाभर टिपून ठेवलं होतं आणि त्यावरून गावाचा नकाशा काढला होता.

त्या दिवसापासून मी त्यांना मानत आलो. आणि इथेच माझी चूक सुरू झाली.

माझ्याकडे सात गावं. एका टोकाला असलो की दुसऱ्या टोकाला जायला तास लागतो. पावसात सरांच्या गावाची डीपी बंद करायची असेल तर मी फोन करायचा, सर, तेवढे डीओ पाडून देता का? ते पाडायचे. मग लावायलाही लागले. स्टोअरमधली एक जुनी काठी मीच त्यांना नेऊन दिली. हळूहळू गावचे लोक माझ्या आधी त्यांना फोन करू लागले. मला बरंच वाटलं. माझा फोन निवांत झाला, दुपारची झोप होऊ लागली, पोट सुटलं. साहेबांना दिसत होतं की राऊतच्या, म्हणजे माझ्या, एका गावातून तक्रार येत नाही. त्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मी उभा राहून ते घेतलं.

सर कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. त्यांचा हात स्थिर होता. मी काठी हातात घेतली की तिचं वरचं टोक थरथरायचं. ते पाहून एकदा ते हसले.

"तू इतका भेतं काऊन रे, राऊत? करंट नियमानं चालते. माणसावानी बेइमान नाई तो."

मी म्हटलं, सर, तुमची हौस आहे, माझी नोकरी आहे, म्हणून फरक पडत असेल.

"तुले पगार भेटते म्हून तू लाईनमन. मले नाई भेटत म्हून मी हौशी. आणखी काई फरक असन तं सांग."

 घरी येऊन हे सुनंदाला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, फरक आहे ना, त्यांच्या गोठ्यात शिस्त आहे. मी जेवलो आणि झोपलो.

मागच्या मे महिन्यात वादळ आलं. पुलगावपासून देवळीपर्यंत झाडंच झाडं पडली. दोन दिवस कित्येक गावांत लाईट नव्हती. माझा मोबाइल तापून खिशात भाजत होता. सगळ्यांचा एकच प्रश्न, लाईट कधी येईल. सुरुवातीला मी वेळ सांगत होतो, मग "काम चालू आहे" म्हणू लागलो, मग फोन उचलून नुसता हुंकार देऊ लागलो.

माझ्यासोबत उईके होता. रमेश उईके, कारंजाकडचा, माझ्याच वयाचा, पण कंत्राटी. बाराव्या वर्षीही कंत्राटीच. खांबावर तो माझ्या दुप्पट वेगानं चढतो आणि माझ्या निम्मं बोलतो. घरी बायकोशी फोनवर गोंडीत बोलतो, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि साहेबांशी बोलतच नाही. माझे गुडघे आणि पोट या दोहोंमुळे गेली काही वर्षं मी खाली उभा राहून परमिट सांभाळतो आणि तो वर जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही सरांच्या गावाच्या लाईनवर पोचलो. शेतातल्या एका खांबावर कडुलिंबाची फांदी पडून एक जंपर तुटला होता. तेवढं जोडलं की काम संपणार होतं. परमिट घेतलं होतं, स्विच उघडून कुलूप घातलं होतं. गाडी चिखलामुळे नाल्यापलीकडेच राहिली होती. आम्ही दोर आणि तारेचा तुकडा खांद्यावर टाकून चालत आलो होतो.

उईके खांबाशी थांबला. "भाऊ, साखळी गाडीत राह्यली."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. "परमिट हाय, स्विच उघडा हाय. पाच मिनटाचं काम हाय, चढ."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो चढू लागला. हत्यारं वर ओढून घ्यायचा दोर त्याच्या कमरेला होता, त्याचं दुसरं टोक माझ्या हातात. तेवढ्यात फोन वाजला. गावातल्या शोभाताई होत्या. अंगणवाडीत काम करतात, दोन दिवसांत त्यांचे आठ-दहा फोन येऊन गेले होते.

"राऊतभाऊ, लाईट आली जी. लय बरं झालं. टाकीत पाणी चढून राह्यलं."

मी म्हटलं, बरं बरं. आणि फोन ठेवला. शप्पथ सांगतो, अर्धा क्षण मला आनंदच झाला. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शिवी न देता फोन ठेवला होता.

मग ते डोक्यात शिरलं. लाईट आली. कशी आली? ती आणायलाच तर आम्ही इथे उभे होतो. वर पाहिलं. उईकेनं पट्टा आडव्या लोखंडाला अडकवला होता, एक हात मोकळा करून तो तारेच्या टोकाकडे वाकत होता. तार त्याच्या बोटांपासून दीड-दोन हात असेल.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं. आवाज आला नाही. लहान मुलांना स्वप्नात असं होतं म्हणतात, मला भर उन्हात झालं.  हातातला दोर तेवढा मला आठवला आणि मी तो सगळ्या ताकदीनं खाली ओढला. उईके कमरेतून हिसका खाऊन मागे आला, पट्ट्यावर लोंबला आणि वरून खेकसला, "मारता का मले?"

मी नुसता हातानं खाली ये, खाली ये करत होतो. त्यानं माझं तोंड पाहिलं असावं. पट्टा सोडून तो उतरला.

"गावात लाईट हाय," मी म्हटलं. तेवढंच निघालं.

नाला ओलांडून गाडीपर्यंत मी पळत गेलो. या पोटानं पळालो. साखळी आणि बांबू घेऊन परत आलो, सळई ठोकली. ठोकताना हातोडा दोनदा माझ्याच नडगीवर बसला. मनात एकच चाललं होतं, की काही होऊ नये, नेहमीसारखं काहीच होऊ नये, उईकेनं मला शिव्या द्याव्यात आणि वर जावं. मग बांबू उचलून आकडा तारांवर टाकला.

निळा उजेड पडला आणि फटाक्यांची लड एकाच वेळी फुटावी तसा आवाज झाला. बांबू माझ्या हातातून सुटला. आणि गावाच्या दिशेनं इतका वेळ येत असलेली ट्रॅक्टरची घरघर एकदम बंद पडली. ती घरघर मला ऐकू येत होती हे मला तेव्हा कळलं. शेतात ट्रॅक्टरचा आवाज कोण ऐकतो.

उईके शेताच्या धुऱ्यावर बसला. त्यानं मोबाइल काढून बायकोला फोन लावला, गोंडीत दोन-तीन वाक्यं बोलला आणि ठेवला. पुष्कळ दिवसांनी मी त्याला विचारलं, तेव्हा काय बोललास? म्हणाला, भाजी काय केली म्हणून विचारलं.

मी गावाकडे निघालो तेव्हा मला भीती वाटत नव्हती, राग आला होता. रागात चालताना बरं वाटतं. डीपीपाशी गर्दी होती. बाया पाण्याचे गुंड घेऊन टाकीखाली उभ्या. ट्रॅक्टर उभा, त्याला पट्ट्यानं जोडलेला तो लग्नाच्या मांडवात असतो तसला जनरेटर, आणि तिथून जाड वायरी डीपीखालच्या स्विचच्या पेटीत गेलेल्या. चवडे सर वही हातात घेऊन ट्रॅक्टर का बंद पडला ते पाहत होते. गावाला दोन दिवस पाणी नव्हतं म्हणून त्यांनी पाण्याच्या पंपापुरता करंट दिला होता. पंपाच्या ओळीतली चार घरंही त्याच वायरीवर होती, त्यांत एक शोभाताईंचं.

"सर, तुमी आज माणूस मारला असता," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

सर दचकले नाहीत. गावाला डीपीपासून तोडणारा पेटीतला मुख्य स्विच कधीचाच मोडला आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वरचं दार बंद केलं होतं. "तिन्ही डीओ पाडले म्या. सकाळी नऊ वाजून दहा मिनटं, लिहून हाय. तुले दोनदा फोन लावला, तुहा फोन लागला नाई. वर पाह्य."

मी वर पाहिलं. तिन्ही नळकांडी खाली लोंबत होती. पुस्तकात छापावं इतकं बरोबर काम. मग करंट वर गेला कसा, हे मला कळेना.

उईके मागे येऊन उभा होता. बांबूच्या टोकानं त्यानं वर दाखवलं. "भाऊ, मांगून पाहा."

डीपीच्या मागच्या बाजूला गेलो. तीनपैकी दोन नळकांड्यांच्या मागे, ती ज्यावर बसवलेली असतात त्या चिनीमातीच्या आड, वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत एक बारीक तार बांधलेली होती. समोरून दिसत नव्हती. नळकांडी नुसती शोभेला. दार बंद होतं आणि बाजूची भिंत उघडी.

प्रत्येक लाईनमनचा तारेचा पीळ वेगळा असतो, अक्षरासारखा. कुणी उजवीकडे पिळतो, कुणी डावीकडे. मी डावीकडे तीन वेढे देतो आणि टोक आत दुमडतो, शर्टात अडकू नये म्हणून. वरचे दोन्ही पीळ डावीकडचे होते, टोकं आत दुमडलेली.

हिवाळ्यात ती नळकांडी खराब झाली होती. स्टोअरमध्ये नवी नव्हती. त्या दिवशी गावात लग्न होतं आणि मला निघायची घाई. गावातली शिडी लावून दोन तुकडे बांधले, नळकांडी दिसायला वर लावून ठेवली, स्टोअरमध्ये माल आला की बदलू म्हटलं. आमच्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात आणि ते सगळे करतात. माल आला तोवर मी विसरलो होतो. सरांना सांगायचं तर डोक्यातच आलं नाही. तोवर त्यांच्या हातात काठी मीच दिली होती, आणि डीओ पाडायची सवयही मीच लावली होती.

सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा लावला. तार त्यांना दिसली.

"हे कोनं बांधलं?"

 पेटीत वायरी कोणी घातल्या ते सगळ्यांना दिसत होतं. वरची तार कोणाची ते फक्त मला आणि माझा पीळ ओळखणाऱ्या उईकेला ठाऊक होतं, आणि उईके माझ्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. दोन-चार श्वास मी काहीच बोललो नाही. त्या श्वासांची मला आजही लाज वाटते, म्हणून लिहिले.

"म्या बांधलं, सर."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. पेन्सिल खिशात घालायला गेले तर ती खिशाबाहेर पडली. वाकून उचलली, पुन्हा पडली. 

"मंग माहंच चुकलं," ते म्हणाले. "तुही डीपी होती म्हून म्या मांगून पाह्यलं नाई." आणि थोडं थांबून अगदी हळू आवाजात विचारलं, "राऊत, आणखी कुठं कुठं बांधलं हाय तू?"

मी मनातल्या मनात गावं मोजू लागलो. चौथ्या गावापर्यंत आलो तरी यादी संपेना. त्यांतल्या एका गावात एक किराणावाला आहे, त्याला जनरेटरचा नाद आहे. दुसऱ्या गावात सोलरवाला एक मास्तर. किती हौशी माणसं माझ्या डीओंवर भरवसा ठेवून असतील, ते मला आजही पुरतं ठाऊक नाही. पुढचे दहा दिवस मी माझे पीळ शोधत फिरलो. सुनंदाला वाटलं, नवरा अचानक कामसू झाला. अहवालात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या, जनरेटरची आणि तारेची. सरांना ताकीद मिळाली, मला नोटीस. साहेब म्हणाले, तारेचं लिहायची काय गरज होती, ते कुणाला दिसत होतं. मीटिंगमध्ये माझं कौतुक त्यानंतर झालं नाही. हौशी आणि नोकरदार यांत फरक काय, हा सरांचा प्रश्न मी अजून सोबत घेऊन फिरतो. त्या दिवशी डीपीखाली उभ्या असलेल्या आम्हा दोघांत नियमानं काम केलेला माणूस बिनपगारी होता, एवढं मला सांगता येईल.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी जंपर अजून तुटलेलाच होता. बाया रिकामे गुंड घेऊन उभ्या होत्या आणि लाईट कधी येईल हे आता कुणीच विचारत नव्हतं. साखळी तारांवर होतीच; गावातली शिडी लावून मी ते दोन तुकडे तोडले. ट्रॅक्टरची चावी सरांनी मालकाकडून मागून घेतली, जनरेटरच्या वायरी स्वतः सोडवल्या आणि डीपीच्या ओट्यावर जाऊन बसले.

"तुहा फोन आल्याबिगर मी इथून हालत नाई," ते म्हणाले. चावी त्यांनी मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

आम्ही दोघं शेतात परत आलो. साखळी तारांवर लोंबत होती. मी सळई हलवून पाहिली, गाठ ओढून पाहिली, परत सळई हलवून पाहिली. उईकेनं पट्टा कमरेचा काढला आणि माझ्यापुढे धरला. "आज माह्या पायात जीव नाई, भाऊ."

मी पट्टा बांधला. शेवटच्या भोकातही तो बसेना, त्यानं मागून गुडघा लावून ओढला. पहिल्या चार हातांत दम लागला. सहाव्या-सातव्या हातावर मी खांबाला मिठी मारून थांबलो, तसा मी नोकरीला लागलो त्या आठवड्यातही थांबलो नव्हतो. खाली पाहिलं तर उईके दोन्ही हातांनी साखळीची सळई धरून उकिडवा बसला होता, तिथे काही धरायची गरज नसताना. वर पोचलो, पट्टा अडकवला. तार समोर होती. जुनी माणसं हाताच्या मागच्या बाजूनं पहिला स्पर्श करायची, कारण करंट असला तर मूठ तारेवर आवळते आणि उघडत नाही. मी हात उलटा केला, तारेजवळ नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे. किती वेळ गेला ठाऊक नाही. घाम डोळ्यांत जात होता. खिशात फोन वाजून बंद पडला.

मला वाटलं, खालून उईके आता हसेल, किंवा चिडेल, की अर्धा दिवस गेला.  मग त्याचा आवाज आला, रोजच्यासारखा, घाई नसलेला.

"भ्या सावकाश, भाऊ. मी हाओ खाली."